उटीचा क्लब आणि रियाधचा सोनेरी बॉल

निलगिरीची छोटी गाडी मेट्टुपालयमहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि 46 किलोमीटर चढायला जवळजवळ पाच तास घेते. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे. तिच्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकतं आणि इंजिन मागून डबे ढकलत नेतं. पाणी भरायला गाडी थांबली की अख्खा डबा फोटोसाठी खाली उतरतो आणि माकडं कुणाचा तरी खाऊ लांबवतात. माझ्या समोरच्या बाकावर नाशिकचं एक कुटुंब होतं. दोड्डाबेट्टा, बोटिंग आणि चॉकलेट हा त्यांचा बेत. मी स्नूकरसाठी चाललोय म्हटल्यावर काकूंनी विचारलं, "म्हणजे ते पोरं सिगारेट ओढत खेळतात ते?" आपल्याकडच्या पार्लरांची कीर्ती अशी सर्वदूर आहे.

पण उटीत खरंच काम होतं ते स्नूकरचंच. 1875 मध्ये जबलपूरच्या ऑफिसर्स मेसमध्ये पावसाळा काही केल्या सरत नव्हता, तेव्हा नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या लेफ्टनंटने 'ब्लॅक पूल' या जुन्या खेळाच्या टेबलावर आणखी रंगीत बॉल मांडून पाहिले. (हा ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन नव्हे.) पुढे त्याची नेमणूक मद्रासच्या सेनापतींकडे झाली. उन्हाळ्यात सेनापतींचा मुक्काम उटीत, त्यामुळे खेळही उटीत आला आणि 1882 मध्ये इथल्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले.

क्लब खाजगी आहे. नुसतं फाटकाशी जाऊन उपयोग नाही, सभासदाचा पाहुणा म्हणूनच आत जाता येतं. मेव्हण्याच्या ओळखीचे एक गृहस्थ, चहामळ्याचे निवृत्त मॅनेजर, सभासद निघाले. फोनवर त्यांनी आधी कपड्यांचे नियम सांगितले आणि मग पत्ता.

बिलियर्ड्स रूममध्ये शिरल्यावर माझी नजर आधी मार्करकडे, म्हणजे टेबल आणि गुण सांभाळणाऱ्या माणसाकडे गेली. भिंतीवरची फ्रेम, तिच्यातली जन्मकथा, जुनं लाकूड हे सगळं नंतर. मार्कर टेबलाला ब्रश मारत होता. बॉल्ककडून, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या बॉलच्या टोकाकडे, कापडाची लव ज्या दिशेला बसते त्याच दिशेने, एक पट्टा झाला की परत मागे येऊन शेजारचा. उलटा हात एकदाही नाही. मुंबईत आमच्या पार्लरमधला पोरगा फडक्याने टेबल पुसतो, जेवणाचं असल्यासारखं.

रियाधची स्पर्धा होऊन थोडेच दिवस झाले होते. मार्च 2024 मधली ती स्पर्धा. तिथे नेहमीच्या बॉलांच्या जोडीला एक सोनेरी बॉल ठेवला होता, किंमत 20 गुण. पण तो पॉकेटमध्ये घालायचा कधी? तर 147 चा पूर्ण ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत टेबलावरचे सगळे बॉल घेऊन मिळणारे जास्तीत जास्त गुण, झाल्यावरच. तेवढं करून सोनेरी बॉल पॉट केला तर 167 आणि वर पाच लाख डॉलर. स्पर्धा रॉनी ओसुलिव्हनने जिंकली, फायनलला लुका ब्रेसेलला 5-2 हरवून. सोनेरी बॉल मात्र कुणालाच घेता आला नाही.

यजमान त्यावर भयंकर तापलेले. "सर्कस आहे! तेलवाल्यांनी पैसे दिले म्हणून खेळात वाटेल ते घालायचं?"

मी म्हटलं, आपण ज्या खोलीत उभे आहोत तिथे वाटेल ते घातलेलेच नियम लावले होते की. पिवळा, हिरवा, गुलाबी हे बॉल कुणा कंटाळलेल्या पोराने वाढवलेले. आणि श्रीमंतांचं म्हणाल तर 1885 मध्ये जॉन रॉबर्ट्स हा बिलियर्ड्सचा चॅम्पियन कलकत्त्याला आला असताना कूचबिहारच्या महाराजांच्या जेवणावळीत त्याची चेंबरलेनशी गाठ पडली आणि तिथून तो नियम विलायतेला घेऊन गेला, असं सांगतात. महाराजांनी पंगत मांडली नसती तर?

तरी सोनेरी बॉल मलाही पटत नाही, कारण वेगळं आहे. चेंबरलेनच्या रंगांमुळे प्रत्येक शॉटला निवड करावी लागते: सात गुणांच्या काळ्यासाठी जोखीम घ्यायची की पाचाच्या निळ्यावर भागवायचं. सोनेरी बॉल अशी कुठलीच निवड करायला लावत नाही. बहुतेक फ्रेममध्ये, म्हणजे डावांत, तो नुसता पडून राहतो आणि 147 ची शक्यता संपली की उचलून ठेवतात. जो डेव्हिसनेही 1959 मध्ये नारिंगी 8 चा आणि जांभळा 10 चा, असे दोन बॉल वाढवून पाहिले होते. पंधरा जागतिक विजेतेपदं नावावर असलेला माणूस, तरी कुणी ते घेतलं नाही.

उलट 'शूट आउट' ही स्पर्धा घ्या. एकच फ्रेम, दहा मिनिटं, पहिल्या पाच मिनिटांत शॉटला 15 सेकंद आणि नंतर 10. लोक आरडाओरडा करतात, भल्याभल्यांचा हात थरथरतो. मला ते बघायला आवडतं. फक्त 2017 पासून त्याला रँकिंग स्पर्धा, म्हणजे खेळाडूंच्या क्रमवारीत धरली जाणारी, का केलंय ते कळत नाही. छोट्या प्रकाराशी माझं वैर नाही. 1958 ते 1963 या काळात जागतिक स्पर्धाच झाली नव्हती, इतका हा खेळ आटला होता. त्याला पुन्हा घराघरात नेलं ते 1969 मध्ये बीबीसीच्या 'पॉट ब्लॅक'ने. तिथेही सामना एका फ्रेमचाच, आणि रंगीत टीव्हीवर दाखवायला हे टेबल सोयीचं.

"आणि पैसा?" यजमान म्हणाले.

पैसा यावा, पण टिकून राहावा. 1976 पासून 2005 पर्यंत जागतिक स्पर्धेमागे सिगारेटची कंपनी होती. ती आवडण्यासारखी नव्हती, पण तीस वर्षं पैसे येत राहिले. आपल्याकडे 2013 ला दिल्लीत इंडियन ओपन झाली, मुंबईचा आदित्य मेहता थेट फायनलला गेला आणि डिंग जुनहुईकडून 5-0 हरला. मग मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि 2019 ला कोची. दर वेळी नवं शहर, मधे खाडे, आणि कोचीनंतर सगळं थंड. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने 1958 मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद आणलं तिथून मोजलं, तर आपल्याकडे खेळाडू कमी पडले असं म्हणवत नाही. सौदीचा पैसा किती वर्षं पुरतो, आणि त्यातला किती खालच्या खेळाडूंच्या प्रवासखर्चापर्यंत झिरपतो, एवढंच मी बघीन. बॉल सोनेरी ठेवा नाहीतर चंदेरी.

यजमानांना ते पटलं नाही. त्यांनी चॉक उचलला, घड्याळ पाहिलं आणि मार्करला म्हणाले, "पंधरा नकोत, सहाच लाल लाव. जेवणाची वेळ संपेल." मी काही बोललो नाही. फ्रेम त्यांनीच जिंकली, शेवटचा गुलाबी बॉल मधल्या पॉकेटमध्ये फार सुरेख घेऊन. पार्लरच्या सवयीने माझा हात खिशाकडे गेला, कारण हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे असतात. पण पाहुण्याचे पैसे इथे चालत नाहीत म्हणाले, आणि चिठ्ठीवर त्यांनीच सही केली.