आमची वाटचाल: उंदराच्या डोक्यावरचा त्रिमितीय मिनिस्कोप

साकीनाक्याच्या गाळ्यात आमचे काम सुरू झाले ते प्रयोगशाळांतल्या सूक्ष्मदर्शकांच्या दुरुस्तीपासून. आज आम्ही मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या डोक्यावर बसणारे, काम करताना चमकणाऱ्या मेंदूतल्या पेशींची लुकलुक तिन्ही मितींत टिपणारे मिनिस्कोप, म्हणजे इवले सूक्ष्मदर्शक, जुळवून देतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये १.९ ग्रॅमचे असे उपकरण दाखवले. पुढे यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने आपले आराखडे सर्वांना खुले केले आणि छोट्या कारखान्यालाही या कामात शिरता आले. प्रौढ उंदराचे वजन २० ते ३० ग्रॅम. म्हणून उपकरण ३ ग्रॅमच्या आत बसवायचे, हा आमचा पहिला नियम.

साधा मिनिस्कोप एका वेळी एकच पातळी पाहतो. कॅलिफोर्नियातल्याच बर्कले विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये सेन्सरवर चित्र जुळवणारी ट्यूब लेन्स काढून ऑब्जेक्टिव्हच्या (पेशींकडच्या भिंगाच्या) ॲपर्चरपाशी, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्रापाशी, फेज मास्क ही प्रकाशाला ठरावीक नक्षीत वळवणारी उंचसखल चकती बसवली. त्यामुळे प्रकाशाचा ठिपका जितका खोल, तितकी सेन्सरवरची त्याची नक्षी वेगळी उमटते. त्या नक्षीवरून संगणक खोली काढतो. २.५ ग्रॅमच्या त्या उपकरणाने ९०० × ७०० × ३९० मायक्रॉनचा भाग सेकंदाला ४० वेळा टिपला.

यातले खरे काम कॅलिब्रेशनचे, म्हणजे कोणत्या खोलीला कोणती नक्षी उमटते ते आधी नोंदवून ठेवण्याचे. १ मायक्रॉनचे हिरवे फ्लुरोसंट मणी इतके पातळ करून काचपट्टीवर सुकवायचे, की दृश्यात एकच मणी यावा. दोन आले तर नक्षी एकमेकींत मिसळतात. उपकरणातला निळा एलईडी दिवा तापून स्थिर होऊ द्यायचा, मग मणी ५ मायक्रॉनच्या टप्प्यांनी वर न्यायचा. ३९० मायक्रॉनला साधारण ८० टप्पे होतात. प्रत्येक टप्प्यावर अनेक फ्रेमची सरासरी घ्यायची आणि एलईडी बंद ठेवून घेतलेली फ्रेम त्यातून वजा करायची. एक्सपोजर जास्त झाले तर ठळक ठिपके कापले जातात, कमी पडले तर फिके ठिपके नॉइजमध्ये, म्हणजे सेन्सरच्या खरखरीत, हरवतात. मध्यावरची नक्षी कडेला तशीच राहत नाही, म्हणून हे सगळे दृश्याच्या वेगवेगळ्या जागी पुन्हा करावे लागते. यात घाई चालत नाही.

बॉडी आम्ही काळ्या डेलरिन या कडक प्लास्टिकची मिलिंग करून घेतो. थ्रीडी प्रिंटची बरीच रेझिन निळ्या प्रकाशात स्वतःच चमकतात आणि पेशींचा क्षीण उजेड त्यात बुडतो. निळा प्रकाश सेन्सरपर्यंत पोचू न देणारे फिल्टर जेमतेम ४ मि.मी.चे; कोटिंगची बाजू उलटी बसली तर निळा प्रकाश गळू लागतो. साध्या मिनिस्कोपमध्ये सेन्सरवरचा धुळीचा कण म्हणजे एक काळा डाग. इथे त्याची चूक हिशेबातून चित्रभर पसरते.

मुंबईचा पावसाळा तर वेगळीच परीक्षा. एसीच्या खोलीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर लगेच वाफ धरते. म्हणून जोडणी चालू असेपर्यंत सुटे भाग सिलिका जेलच्या डब्यात, आणि यूव्ही गोंद (अतिनील प्रकाशात घट्ट होणारा) लावायचा तो भाग पूर्ण कोरडा झाल्यावरच.

प्रयोगशाळांतून परत येणाऱ्या तक्रारींत सर्वात जास्त असते ती उपकरणाला संगणकाशी जोडणारी कोॲक्स केबल. वीज आणि चित्र दोन्ही त्या एकाच बारीक तारेतून जातात. उंदीर गोल फिरला की ती पिळते आणि कनेक्टरच्या मुळाशी तुटते, म्हणून तारेला पीळ न पडू देणारा फिरता स्लिप रिंग जोड हवाच. तार बारीक आणि लांब असेल तर टोकाशी व्होल्टेज पडते, फ्रेम गळतात. अशा वेळी सेन्सर बदलण्याआधी तार तपासावी.

एकच थर पाहायचा असेल तर आम्ही इलेक्ट्रोवेटिंग लेन्सचा (विजेने आकार बदलणाऱ्या द्रव भिंगाचा) साधा मिनिस्कोपच सुचवतो. त्याचा फोकस सुमारे २०० मायक्रॉन वर-खाली सरकतो आणि संगणकाचा खर्चही वाचतो. दाट चमकणाऱ्या किंवा खोलवरच्या पेशींत प्रकाश विखुरतो, तिथे फेज मास्कचा हिशेब कमजोर पडतो. अशा कामाला दोन-फोटॉन मिनिस्कोप लागतो, जो दोन प्रकाशकण एकदम शोषले जातील तिथेच पेशी चमकवतो. त्याला फेम्टोसेकंद लेसर, म्हणजे अतिशय छोटे झोत सोडणारा लेसर हवा, आणि ते आमच्या आवाक्यातले काम नाही. प्राण्यांवरचे प्रयोग संस्थाच आपल्या नीतिमत्ता समितीच्या परवानगीने करतात.

प्रत्येक नगासोबत त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल जाते, दुसऱ्या नगाची चालत नाही. मास्क किंवा सेन्सर उघडला तर ती फाइल बाद. नग आमच्याकडे पाठवा, मण्यांपासून पुन्हा सुरुवात करून देतो.