नऊ दिवस जावकच्या टेबलावर

दीड महिन्याच्या बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे पाच थेंब नऊ दिवस जावकच्या टेबलावर पडून राहिले. कारण काय, तर सोबतच्या फॉर्मवर एक सही राहिली होती आणि सही करणारे साहेब रजेवर होते. गोष्ट गेल्या जुलैची. मी इंदूरला एचआयव्ही तपासणी केंद्रात काउन्सेलर आहे आणि तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

बाळाची आई रामबागेतली, आपलीच मराठी. दिवस असताना तपासणीत कळलं, नवराही पॉझिटिव्ह निघाला, दोघांची औषधं लागली, बाळंतपण नीट झालं, बाळाला जन्मल्याबरोबर लागण टाळणारं नेविरापिनचं सिरप सुरू झालं. इथवर कुठेच काही अडलं नाही.

बाळाची तपासणी मोठ्यांसारखी होत नाही. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे लागण नसतानाही नेहमीची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून सहा आठवड्यांनी टाचेला टोचून रक्त जाड कागदाच्या कार्डावर घेतात, वाळवतात आणि थेट विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीसाठी बाहेरगावच्या लॅबला पाठवतात. आम्ही त्याला डीबीएस म्हणतो, म्हणजे कागदावर वाळवलेले रक्ताचे ठिपके. लागण झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही, तर जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच जातात, आणि सगळ्यात मोठा धोका पहिल्या काही महिन्यांत असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध लगेच सुरू केल्याने अशा बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले होते. आणि इथे नऊ दिवस एका सहीसाठी!

आमच्या टेक्निशियनने कार्ड सावलीत आडवं ठेवून पुरतं वाळवलं होतं. पाकिटात ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या, ओल दाखवणारी पट्टीही होती. पट्टी निळी असली की ठीक, गुलाबी झाली की ओल शिरली. जुलैच्या हवेत नऊ दिवसांत ती गुलाबी होणारच. लॅबने नमुना नाकारला. मला कळलं तेव्हा बाळ नऊ आठवड्यांचं झालं होतं.

आता आईला पुन्हा बोलवायचं. आणि ती सव्वा महिना झाल्यावर सासरी, धारला गेलेली. आपल्याकडे सव्वा महिना आणि ४२ दिवसांची ही तपासणी अगदी एकमेकींना लागून येतात, हे मी तेव्हापासून पक्कं लक्षात ठेवलंय. माझ्यासारखं काम करणाऱ्यांनो, आई माहेरी असतानाच सासरचा पत्ता, फोन, आणि फोन कुणी उचलला तर काय बोलायचं, हे आईला विचारून लिहून ठेवा.

मी ते विचारलं नव्हतं. नवरा पीथमपूरला कारखान्यात, शिफ्टमध्ये फोन बंद. दुसरा नंबर लावला तो सासूबाईंनी उचलला.

"दवाखान्यातून बोलतेय काकू, बाळाला एकदा दाखवायला आणायचंय."

"लस तर झाली. कार्डावर लिहिलंय. आमच्या नातवाला काही झालंय का?"

त्यांचा आवाज इतका घाबरा झाला की मला पुढे बोलवेना. घरात फक्त नवरा-बायकोला माहीत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तिच्या संमतीशिवाय मी कुणाला सांगू शकत नाही, आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. "सूनबाईंना फोन करायला सांगा," एवढंच म्हणून ठेवला. तीन दिवस फोन आला नाही. आउटरीचवाला, म्हणजे घरोघरी जाणारा आमचा कार्यकर्ता, जायला तयार होता, मीच नको म्हटलं. अनोळखी माणूस दारात उभा राहिला की गल्ली विचारतेच.

शेवटी शिफ्ट सुटायच्या वेळेला नवरा सापडला. दहा आठवड्यांच्या लसीची तारीख जवळच होती. तीच धरली, म्हणजे खोटं बोलावं लागलं नाही. लस आणि डीबीएस एकाच फेरीत करायचं, ही माझी सगळ्यांना पहिली सांगणी.

सासूबाईही सोबत आल्या. लस मांडीत, मग टाचेला टोचलं. "पायाला दोनदा का?" त्यांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "रक्त तपासायला, आई. माझं कमी होतं ना, म्हणून त्याचंही." आणि तिने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

या वेळी सहीचा फॉर्म हातात घेऊन मी स्वतः साहेबांच्या केबिनबाहेर बसले. पाकीट पार्सलच्या थैलीत पडेपर्यंत जावकच्या टेबलावरून हलले नाही. तुम्हीही हलू नका.

हो, औषधाचं राहिलं. सहा आठवड्यांपासून बाळाला इतर जंतुसंसर्ग टाळणारं कोट्रायमोक्साझोल सुरू करतात आणि लागण नाही हे पक्कं होईपर्यंत चालू ठेवतात. ही आई बाटली तांदळाच्या डब्यात लपवायची आणि कधी डोस चुकायचा. बाटली कुठे ठेवणार, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही. मी तिथेच खुर्चीत रडले. नवऱ्याला शिफ्ट सुटल्यावर सांगितलं, तो बराच वेळ नुसता "हो ताई, हो ताई" म्हणत राहिला.

बाळ अंगावर पितंय, म्हणून सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, आणि शेवटची खात्री १८ महिन्यांनंतर. सहा महिन्यांच्या तारखेचं तिनेच ठरवलं. उष्टावण मामाच्या हातून व्हायचं आहे, तेव्हा ती माहेरी रामबागेत असेल. मी वहीत तारखेसमोर 'उष्टावण' एवढंच लिहिलंय.