दोन मुठी बाजूला

आज गिरणीत माझ्या पुढं एक पोरगा होता. हातात फुटाण्यांची पिशवी, तीनेक किलोची. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला, मूळचा बिहारचा.

त्याचं एकच पालुपद, "चाचा, ज्वारी के ऊपर मत डालना."

गिरणीवाले मामा वैतागले. "पीठ ते पीठ! ज्वारीनं काय इख कालवलं का त्यात?"

सगळे हसले. मी पण.

तो नाही हसला. कुणाचं तरी बेसन दळून होईस्तोवर अर्धा तास थांबला. मग फुटाणे पडले, तर पिठाच्या पहिल्या दोन मुठी त्यानं कागदावर बाजूला काढल्या. तिसरी नाकाशी धरली, चिमूटभर जिभेवर ठेवली, आणि मगच पिशवी लावली. सत्तू. मीठ, कांदा, लिंबू घालून पाण्यात घोळायचा आणि पिऊन भट्टीवर जायचं. (आपलं सातूचं पीठ जवळचंच, पण त्यात गहू असतो.)

घरी येताना माझं हसणं मलाच टोचलं. पुण्यात शिकायला होतो तेव्हा आई डबा भरून येसर द्यायची. धान्य-डाळी भाजून, मसाला घालून दळलेलं. रूमवरचे विचारायचे, "ही कसली पावडर रे?" मी डबा कॉटखाली सरकवायचो. रात्री मेसची पातळ आमटी घशाखाली उतरली नाही की तोच डबा बाहेर यायचा.

त्या दोन मुठी त्यानं फेकल्या नाहीत. मामांच्या कोंबड्यांपुढं टाकून गेला.

पुढच्या खेपेला भेटला तर थोडं येसर देऊन बघू का त्याला?