सोळा आकडे योग्य रकान्यात पडेपर्यंत

2021 च्या पावसाळ्यात पुण्यातील आमच्या कार्यालयात अमेरिकेतून एक काम आले. तेथील बँकांना सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीला अशी सोय उभारायची होती की, खातेदाराच्या हाती नवे कार्ड पडले की त्याने बँकेच्या ॲपमध्ये एकदा संमती द्यावी, कोणकोणत्या ऑनलाइन दुकानांत ते नोंदवायचे ते निवडावे, आणि पुढचे सारे रकाने आमच्या प्रणालीने भरावेत. दुकानांची संकेतस्थळे शेकडो, प्रत्येकाचे पान वेगळे आणि तेही दर काही आठवड्यांनी बदलणारे. त्या पानावरचा कोणता रकाना कशाचा हे ओळखण्याचे काम माझ्याकडे आले आणि पुढची दीड-दोन वर्षे मी त्यातच होते.

अशी गरज का पडते हे आधी सांगायला हवे. कार्ड हरवले किंवा एखाद्या दुकानाकडून कार्डांची माहिती फुटली की बँक जुना नंबर बंद करून नवा देते. जुना नंबर मात्र मालिकांच्या वर्गणीपासून विजेच्या बिलापर्यंत दहा-बारा ठिकाणी तसाच बसलेला असतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्याकडे बदललेले नंबर दुकानांना परस्पर कळवण्याची व्यवस्था आहे, पण तिच्यात सगळी दुकाने सहभागी नाहीत. राहिलेल्या ठिकाणी माणसाला स्वतः बसून, प्रत्येक खात्यात जाऊन नंबर बदलावा लागतो. बँकेचा स्वार्थ त्यात होताच, कारण जे कार्ड आधी नोंदले जाते तेच वापरले जाते, पण खातेदाराची अडचणही खरी होती.

भारतात ही पद्धत जशीच्या तशी चालली नसती. रिझर्व्ह बँकेने 2009 पासूनच ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसऱ्या पडताळणीची अट घातली आहे आणि आपल्याला ओटीपीची सवय त्यातूनच लागली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कार्डाचा नंबर, मुदत, सुरक्षा कोड आणि पत्त्याचा पिनकोड एवढ्यावर काम भागते. म्हणूनच तेथे यंत्राने पान भरणे शक्य होते, आणि म्हणूनच ते जोखमीचेही होते.

सुरुवातीला आम्ही प्रत्येक दुकानासाठी हाताने नियम लिहिले: या पानावर अमुक नावाचा रकाना म्हणजे नंबर, तमुक म्हणजे मुदत. वीस-पंचवीस दुकानांपर्यंत हे निभावले. मग रोज सकाळी कुठले ना कुठले दुकान मोडलेले सापडू लागले, कारण रात्रीतून कोणीतरी त्या रकान्याचे नाव बदललेले असे. वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या मानकात या रकान्यांसाठी ठरलेली नावे आहेत. नंबरासाठी ‘सीसी-नंबर’, सुरक्षा कोडासाठी ‘सीसी-सीएससी’ अशी खूण पान बनवणाऱ्याने घातली तर ब्राउझरला काही ओळखावेच लागत नाही. पण पुष्कळ दुकाने ती घालत नाहीत आणि काही चुकीच्या जागी घालतात. तेव्हा उदाहरणे पाहून रकाने ओळखायला शिकणारी संगणकीय रचना, म्हणजे मॉडेल हवे, हे नक्की झाले.

मॉडेलला आम्ही प्रत्येक रकान्याबद्दल जे काही मिळेल ते दिले. त्याच्या शेजारचा मजकूर, आतला फिकट नमुना, किती अक्षरे मावतात, तो निवडयादी आहे की मोकळी चौकट, पानावर कुठे बसला आहे आणि त्याच्या आधी-नंतर कोणते रकाने आहेत. ही शेवटची गोष्ट फार मोलाची ठरली. एकटा रकाना पाहून माणसालाही खात्री देता येणार नाही, पण नंबर, मग मुदत, मग कोड हा क्रम दिसला की मधल्या रकान्याचा अर्थ आपोआप उघडतो. म्हणून आधी प्रत्येक रकाना सुटा तपासणारे, एकामागून एक प्रश्न विचारत उत्तराला पोहोचणारे निर्णयवृक्षांचे मॉडेल होते, त्यावर आम्ही पूर्ण अर्जाचा क्रम एकत्र पाहणारा दुसरा थर चढवला.

शिकवण्यासाठी लागणारी पाने आम्ही तिघांनी बसून खुणावली. पानांचा केवळ सांगाडा ठेवला आणि भरलेली प्रत्येक किंमत साठवण्याआधीच पुसली. चाचणीसाठी 4111 नंतर बारा वेळा 1 असा सर्वांना ठाऊक असलेला नंबर वापरला. हा नंबर कोणाच्याही खात्याचा नाही, तरीही तो बरोबर दिसतो, कारण हान्स पीटर लून यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या पडताळणीत तो उतरतो. उजवीकडून एक आकडा सोडून दुसऱ्याची दुप्पट करायची, ती दोन आकडी झाली तर तिचे दोन आकडे मिळवायचे, आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. सर्वांत डावीकडच्या 4 चे 8 होतात, सात 1 चे दुप्पट होऊन 14 होतात, उरलेले आठ 1 म्हणजे 8. एकूण 30, दहाने पूर्ण भाग जातो. एखादा आकडा चुकीचा टंकला गेला तर हा हिशेब लगेच बिघडतो, आणि दुकानाचे पानही नंबर घेताना पहिल्यांदा हेच तपासते.

पहिल्या चाचणीचे निकाल इतके चांगले आले की मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवून मोकळी झाले. आमच्या गटातील ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे विचारले, “शिकवलेली आणि तपासलेली पाने एकाच दुकानाची तर नाहीत ना?” ती होती. एका दुकानाची दहा पाने असली तर आठ शिकवण्यात आणि दोन तपासण्यात गेली होती आणि मॉडेलने ते दुकान पाठ केले होते. मी सगळी विभागणी दुकानावर बेतली, म्हणजे जे दुकान तपासणीत आहे त्याचे एकही पान शिकवण्यात येणार नाही. निकाल धाडकन खाली आला. पुढचे दोन महिने तो निकाल वर आणण्यात गेले आणि खरे शिक्षण त्याच दोन महिन्यांत झाले, मॉडेलचे आणि माझेही.

सगळ्यांत जास्त छळले ते ‘कोड’ या एका शब्दाने. पत्त्याचा पिनकोड तो ‘झिप कोड’, कार्डामागचा तो ‘सिक्युरिटी कोड’, सवलतीचा तो ‘प्रोमो कोड’, आणि फोनवर आलेला ‘व्हेरिफिकेशन कोड’. चारही जण कधीकधी एकाच पानावर, नुसते ‘कोड’ असे लिहून. त्यात भर म्हणजे बहुतेक कार्डांवर सुरक्षा कोड मागे आणि तीन आकडी असतो, तर अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डावर तो पुढे आणि चार आकडी असतो आणि त्या कार्डाचा नंबरही सोळाऐवजी पंधरा आकडी. म्हणजे ‘तीन अक्षरे मावतात तो सुरक्षा कोड’ हा सोपा आधारही हातचा गेला.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. चाचणीचे पान पडद्यावर उघडले होते. वर ‘गिफ्ट कार्ड नंबर’ अशी चौकट होती आणि खाली, घडी उलगडल्यावर दिसणारी, खरी कार्डाची चौकट. मॉडेलने क्षणभरही न थांबता सोळा आकडे वरच्या चौकटीत टाकले. तेथे ते आकडे झाकले जात नव्हते, उघडे दिसत होते. नंबर चाचणीचा होता म्हणून निभावले, पण खरा असता तर तो भेटकार्डांच्या नोंदीत कुठेतरी साध्या मजकुरासारखा पडून राहिला असता. त्या दिवसापासून माझे मोजमाप बदलले. किती पाने यंत्राने भरली, हा आकडा मी वरिष्ठांच्या अहवालात दुसऱ्या ओळीवर नेला आणि पहिल्या ओळीवर आणले ते हे की, खात्री नसताना यंत्र किती वेळा थांबले आणि किती वेळा थांबले नाही. दहापैकी तीन पाने खातेदाराला स्वतः भरावी लागली तर त्याचा थोडा वेळ जातो, पण एक नंबर चुकीच्या जागी पडला तर विश्वास जातो. मॉडेलने दिलेल्या खात्रीच्या आकड्याला आम्ही आधी पुन्हा जोखले, कारण मॉडेलला वाटणारी खात्री आणि प्रत्यक्षात बरोबर येण्याचे प्रमाण यांत मोठे अंतर होते. नव्वद म्हटले तर खरोखर शंभरात नव्वद वेळा बरोबर आले पाहिजे, एवढे झाल्यावरच, खात्री कितीहून कमी असली की यंत्राने थांबायचे, तो उंबरठा ठरवता आला. रोबोट नसल्याची खात्री मागणारे कोडे आले, दुकानाने फोनवर कोड पाठवला, की काम तेथेच थांबवून खातेदाराच्या हाती द्यायचे, हा नियम मात्र आम्ही कोणत्याही मॉडेलवर सोपवला नाही.

रकाना भरला म्हणजे कार्ड नोंदले गेले, असेही नव्हते. जतन केल्यावर पानावर कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसतात, त्यावरून यश ठरवायचे असे आम्ही योजले होते. प्रत्यक्षात असे दिसले की नवे कार्ड यादीत जाऊन बसते, पण वर्गणी जुन्याच कार्डावर चालू राहते, कारण ‘हेच कार्ड यापुढे वापरा’ अशी एक छोटी खूण वेगळी करावी लागते. चाचणीच्या खात्यांवर ही गोष्ट महिनाभराने, पहिली वर्गणी फसल्यावर कळली. खऱ्या खातेदाराला आम्ही ‘काम झाले’ असे सांगून मोकळे झालो असतो आणि त्याची सेवा बंद पडली असती. त्यासाठी नोंदणीनंतरचे पान वाचणारे दुसरे मॉडेल तयार करावे लागले, आणि मी आजही म्हणेन की पहिल्यापेक्षा ते अधिक महत्त्वाचे होते.

मग एक अडथळा असा आला की जो आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. नवे कार्ड नोंदताना पुष्कळ दुकाने ते चालू आहे का हे पाहण्यासाठी बँकेकडे शून्य किंवा एका डॉलरची मंजुरी मागतात. आमची प्रणाली आठ दुकाने पाच मिनिटांत उरकायची. बँकेच्या फसवणूक ओळखणाऱ्या मॉडेलला काय दिसणार? कालच दिलेले कार्ड, आणि पाच मिनिटांत आठ अनोळखी दुकानांतून लहान रकमांची विचारणा. चोरलेले कार्ड चालते का हे तपासणारे लोक अगदी असेच करतात. पाचव्या-सहाव्या दुकानावर कार्ड नाकारले जाऊ लागले, आणि ते नाकारणे योग्यच होते, त्या मॉडेलने आपले काम चोख केले होते. शेवटी नोंदण्या अंतराने करायच्या आणि खातेदाराने संमती दिल्याची सूचना बँकेच्या त्या विभागाला आधी पोहोचवायची, असा मार्ग निघाला. तो काढायला तंत्रज्ञान कमी आणि बैठका जास्त लागल्या.

मला शेवटपर्यंत अस्वस्थ करणारी बाब एकच होती. दुकानाच्या खात्यात शिरण्यासाठी आम्हाला खातेदाराचा पासवर्ड लागत असे. तो आम्ही काम संपताच पुसत होतो. कार्ड उद्योगाच्या सुरक्षा मानकात व्यवहार मंजूर झाल्यावर सुरक्षा कोड कूटबद्ध करूनही साठवायला बंदी आहे, आणि आम्ही तर तो कोणत्याही नोंदीत येऊच देत नव्हतो. तरीही, कोणीतरी स्वतःची किल्ली आमच्या हाती देत आहे ही जाणीव काम करताना सुटत नसे, आणि ती सुटू नये असेच मला वाटते.

हे काम संपल्यावर काही महिन्यांनी, 2024 मध्ये, साताऱ्याला बाबांचे नवे कार्ड आले. तोवर आपल्याकडचे चित्र पार बदलले होते. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना कार्डाचा नंबर साठवताच येत नाही. त्याच्या जागी त्या कार्डासाठी आणि त्या दुकानापुरते टोकन, म्हणजे नंबराऐवजीचा सांकेतिक क्रमांक, असते, जे दुसरीकडे कुणाच्या हाती लागले तरी निरुपयोगी. आणि 20 डिसेंबर 2023 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेकडूनच हे टोकन अनेक दुकानांसाठी एकत्र काढून घेण्याची मुभा दिली आहे, स्पष्ट संमती आणि पडताळणी घेऊन. पान ओळखायला नको, पासवर्ड नको. ज्या कामासाठी आम्ही मॉडेलचे थर रचले त्यातील बराचसा भाग येथे लागतच नाही, हे पाहून मला मनापासून बरे वाटले.

बाबांच्या फोनवर बँकेच्या ॲपमध्ये दुकानांची यादी उघडली. वर काही नावे सुचवलेली होती, बहुधा त्यांच्या जुन्या खर्चावरून क्रम लावून. ओसरीवर चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचले. औषधांच्या दुकानावर खूण केली, रेल्वेच्या तिकिटांवर केली, किराण्यावर केली. चौथ्या नावावर बोट थांबले.

“हे कोण गं?”

“मागच्या दिवाळीत तुम्ही माझ्यासाठी पुस्तके मागवली होती ना, ते.”

“एकदाच घेतलं होतं. त्यांच्याकडे कशाला ठेवायचं कार्ड?”

त्यांनी ते नाव तसेच सोडले, तीन खुणा पुन्हा एकदा मोजल्या, आणि ओटीपीचे सहा आकडे माझ्याकडे फोन न देता स्वतः टाकले.