टाके घातल्यानंतरचं काम

अकरावीच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, मी गच्चीवर गेलेच नाही. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात हे आजीला अजिबात पटलं नव्हतं. मांज्यानं जखमी झालेले पक्षी वाचवणाऱ्या करुणा अभियानाच्या एका केंद्रावर स्वयंसेवक हवे होते, तिथे गेले. दुपारी कुणीतरी खोक्यात काळा शराटी, लांब वाकड्या चोचीचा पक्षी, घेऊन आलं. मांज्यानं पंखाच्या पुढच्या कडेची पातळ पडदी चिरली होती. हाड शाबूत, रक्तही फारसं नाही. मला वाटलं, थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी पंख दिव्यासमोर धरला. म्हणाले, ही पडदी आखडली तर पंख पुरता उघडत नाही, आणि पट्टी जास्त दिवस राहिली तर सांधा धरतो.

तो शराटी पुढे उडालाच नाही. जखम छान भरली होती, तरीही. जखम भरल्यानंतरचं हे काम शिकायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

पण कुठे शिकायचं? एका करिअर सल्लागारानं सांगितलं, माणसांची फिजिओथेरपी कर, प्राणी छंद म्हणून ठेव. त्या सल्ल्यात माझे चार महिने गेले. शेवटी त्या डॉक्टरांनाच गाठलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला पक्षी बरा करायचाय, की सोडल्यावर तो कसा जगतो ते बघायचंय?" दुसरं हवं असेल तर घराजवळच्या सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र, मग देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. पहिलं हवं असेल तर पशुवैद्यक, कारण शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यच करू शकतो. वन्य पक्षी तर वनखात्याच्या परवानगीशिवाय घरी ठेवताही येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. मला पहिलं हवं होतं.

बाबा म्हणाले, "म्हणजे गुरांची डॉक्टर?" मी त्यांना आणंदला घेऊन गेले. पशुवैद्यक कॉलेजच्या दवाखान्यात एक शेतकरी अडलेल्या म्हशीच्या कपाळावर हात ठेवून उभा होता. बाबा बराच वेळ तिथून हलले नाहीत. परतताना स्टेशनवर म्हणाले, "फॉर्म कधी भरायचाय?"

त्या फॉर्मनंच घोळ झाला. देशपातळीवरच्या १५ टक्के जागा नीटच्या गुणांवर भरतात, त्यांची नोंदणी वेगळी आणि राज्याच्या जागांची वेगळी. मी एकच समजून बसले आणि पहिलीची तारीख हुकली. राज्याच्या यादीत नाव लागलं म्हणून वर्ष वाचलं. तुम्ही दोन्ही तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी हेच मुख्य, वन्यजीव थोडेच. सुरुवातीला फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही: जनावर न घाबरवता धरणं, भुलीचं औषध वजनावर मोजणं, हे हात म्हशीवरच तयार होतात. पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगरला, भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत, वन्यजीवांत एम.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, करायचा विचार आहे. बचाव केंद्रांत जागा थोड्या, हे बाबांना मी स्पष्ट सांगितलंय. जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी आधार म्हणून धरली आहे.

या जानेवारीत तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणून त्याच केंद्रावर होते. एका घारीची पट्टी काढून, तिला भूल देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी कोपराचा सांधा हळूहळू उघडत होते. तिसऱ्या खेपेला पंख बोटभर जास्त उघडला.