हर्झबर्गने स्वतःचाच आकडा खोडला

एमएस्सीला आयोडीनच्या वाफेचं प्रॅक्टिकल असतं बघा. काचेच्या सेलमध्ये दोन-तीन खडे, जरा गरम केलं की जांभळी वाफ, आणि मग तिच्यातून प्रकाश सोडला की कागदावर कंगव्याच्या दातांसारखे पट्टे उमटतात, पुढे पुढे एकमेकांना चिकटत जाणारे. त्यांच्यातली अंतरं मोजायची, ग्राफ काढायचा आणि त्यावरून रेणू तोडायला किती ऊर्जा लागते ते काढायचं. मी आता हेच शिकवतो आणि दरवर्षी रीडिंग घ्यायच्या आधीच कुणीतरी विचारतं, "सर, पुस्तकात व्हॅल्यू किती दिलीय?" मग मी त्यांना गेरहार्ड हर्झबर्गबद्दल सांगत बसतो.

माणूस मूळचा हॅम्बुर्गचा, शिकला फिजिक्स, पण १९७१चं नोबेल मिळालं केमिस्ट्रीचं. बायको लुइझे, तीही त्याच्यासारखी स्पेक्ट्रोस्कोपीवालीच, म्हणजे प्रकाशाच्या अशा पट्ट्यांवरून रेणू ओळखणारी, ज्यू होती, त्यामुळे नाझी जर्मनीत राहणं अशक्य झालं आणि १९३५ला दोघं कॅनडात सास्काटूनला गेले, पुढे १९४८ला ऑटावा. त्याचे ते जाडजूड ग्रंथ आमच्या लायब्ररीत अजून आहेत, कडा पिवळ्या पडलेल्या.

पण मला त्याचं रेकॉर्ड आवडतं ते वेगळ्याच कारणाने. धूमकेतूंच्या प्रकाशात ४०५० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या आसपास काही पट्टे दिसायचे. १९४२ला त्याने मिथेनमध्ये विजेचा डिस्चार्ज करून तेच पट्टे लॅबमध्ये काढले आणि म्हणाला, हे सीएच-टू, म्हणजे मिथिलीन. मग दुसऱ्यांनी हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घालून बघितलं तर पट्टे जागचे हललेच नाहीत, म्हणजे हायड्रोजनचा संबंधच नव्हता! १९५१ला डग्लसने, हर्झबर्गच्याच लॅबमधल्या माणसाने, कार्बन-१३ हा जड कार्बन वापरून दाखवलं की ते तीन कार्बनचे रेणू आहेत. हर्झबर्गने शोध सोडला नाही, १९५९ला डायझोमिथेन या वायूवर प्रकाशाचा जोरदार झोत टाकून खरं मिथिलीन पकडलं, दूरच्या अल्ट्राव्हायोलेटमध्ये. त्यातही रेणू सरळ रेषेत आहे असं त्याचं मत होतं, पुढे १९७० साली गणितवाल्यांनी आणि ईएसआरवाल्यांनी (इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व मोजणाऱ्यांनी) तो वाकलेला आहे म्हटल्यावर त्याने आपलेच जुने स्पेक्ट्रा परत तपासले आणि १३६ अंशांचा कोन मान्य केला.

सगळ्यात भारी मात्र हायड्रोजन. रेणू तोडायची ऊर्जा त्याने १९६०ला मोजली होती, ३६,११३.६ वेव्हनंबर (स्पेक्ट्रोस्कोपीत ऊर्जा याच एककात सांगतात). कोवोस आणि वोल्निएविच या दोन पोलिश लोकांनी कॉम्प्युटरवर गणित करून १९६८ला काढली ३६,११७.४. फरक चारसुद्धा नाही, तुम्हीआम्ही सोडून दिला असता, पण अशा गणितात उत्तर खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं, जास्त येऊच शकत नाही, म्हणजे दोघांपैकी एकजण नक्की चुकलेला. जगातला सगळ्यात मोठा स्पेक्ट्रोस्कोपिस्ट एका बाजूला आणि कागदावरचं गणित दुसऱ्या बाजूला, कुणीही म्हटलं असतं की गणितच चुकलं असणार. हर्झबर्गने काय केलं, पासष्टाव्या वर्षी परत मोजायला बसला! १९७०ला छापलं, खरी किंमत ३६,११६.३ आणि ३६,११८.३च्या मध्ये आहे. गणित बरोबर होतं, त्याचा स्वतःचा आकडा चुकला होता.

हे सांगून झालं की मी पुस्तक कपाटात ठेवतो आणि कुलूप लावतो. मग पोरं निमूट सेल गरम करायला लागतात, आणि कुणाची व्हॅल्यू दोनशेने हुकली तरी मी जर्नलवर सही करतो, फक्त खाडाखोड न करता मूळ रीडिंग तसंच ठेवलेलं दिसलं पाहिजे.