रंगरंगोटी झालेली फियाट आणि जळणारी रेस केबल

मी ऑटो इलेक्ट्रिशियन, गॅरेजच्या भाषेत वायरमन. हात बसला तो काळ्यापिवळ्या पद्मिनींवर, कुर्ल्यात बनायच्या आणि मुंबईभर माझ्यासारख्यांची पोटं भरायच्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ ला तो विषय संपला. आता माझ्याकडे जास्त करून हौशी लोक येतात, जुनी गाडी घरीच उघडून बसणारे. माणसं चांगली असतात, पैसे वेळेवर देतात, चहा देतात, फक्त नेटवर एवढं वाचलेलं असतं की पाना हातात घ्यायच्या आधी तासभर ऐकून घ्यावं लागतं.

पार्ल्याचे एक काका त्यातलेच. रिटायर्ड इंजिनिअर, पण बिल्डिंगवाले इंजिनिअर, गाड्यांचे नाही. त्यांच्याकडे फियाट एक्स १/९ आहे. नाव गणिताच्या पेपरातलं वाटतं पण गाडी खतरनाक आहे राव. १९७२ साली आली, डिझाइन बर्टोने या इटलीतल्या डिझाइन कंपनीचं, म्हणजे तिथल्या मार्चेल्लो गांदिनीचं, ज्याने लॅम्बोर्गिनी काउंटॅच पण काढली तोच. फियाट १२८ नावाची साधी फॅमिली गाडी होती, तिचं पुढचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचललं आणि सीटच्या मागे बसवलं, झाली स्पोर्ट्स कार. १२९० सीसी, ७५ हॉर्सपॉवर. छप्पर काढून पुढच्या डिकीत ठेवता येतं, हेडलाइट बटण दाबलं की वर येतात. जिथे बनत होती तिथेही ही महागातली गाडी नव्हती, आणि काकांना तर लेफ्ट हँड, सडलेली, बंद पडलेली अशी भंगारच्या आसपासच्या भावात मिळाली. कुठल्यातरी वकिलातीतल्या माणसाने कधीकाळी आणलेली, मग हात बदलत बदलत पार्ल्यात.

त्या काळच्या फियाटला गंज धरायची आधीच सवय, त्यात मुंबईची खारी हवा. काकांनी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये ती गाडी उघडली, सडलेली फ्लोअर कापून नवीन पत्रा वेल्डिंग करून घेतला, सेक्रेटरीशी ग्राइंडरच्या आवाजावरून भांडणं झाली, काकूंनी बोलणं टाकलं, पण माणूस हटला नाही. इंजिन खाली, गिअरबॉक्स खाली, आणि मग सगळा सांगाडा घासून प्रायमर आणि दोन पॅक पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून मारतात तो. ब्रॅकेट न् ब्रॅकेट, इंजिनच्या खोलीचा कोपरा न् कोपरा स्वतः रंगवलेला. मी गेलो तेव्हा आधी गाडीभोवती एक चक्कर मारायला लावली, काम राहिलं बाजूला. खरं सांगतो, रंग बघण्यासारखाच होता.

तक्रार अशी होती की रेस अडकते. अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला तरी इंजिन वरच राहतं. एकदा गेटपाशी अडकली, नशीब चावी बंद करायचं सुचलं, नाहीतर वॉचमनची केबिन गेली असती. केबल बदलली की थोडे दिवस नीट आणि परत तेच. या गाडीत पेडल पुढे आणि इंजिन मागे, म्हणजे केबल चांगली लांबलचक, तयार मिळत नाही. काका ऑपेरा हाऊसच्या मार्केटमध्ये जुनी दाखवून नवीन करून घ्यायचे, शेवटी त्या केबलवाल्यानेच हात जोडले म्हणे, की साहेब माझ्या केबलमध्ये काही नाही, तुमच्या गाडीत भूत आहे.

दुसरी तक्रार टेम्परेचरची, आणि काकांची खरी झोप यानेच उडवली होती. इंजिन मागे असलं तरी रॅडिएटर पुढे आहे, पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. त्यात हवा अडकली की पाणी फिरत नाही, इंजिन तापतं, हे या गाडीचं जगजाहीर दुखणं. त्यामुळे काटा वर जाताना दिसला की काका हवा काढायला बसायचे. थर्मोस्टॅट बदलला, रॅडिएटर खोलून साफ केला, सेन्सर बदलला, आता हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलायचं चाललं होतं. तिसरी गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नाही, जाता जाता म्हणाले की सेल्फ जरा जड फिरतो, जुनी गाडी आहे, चालायचंच.

मी विचारलं, काका, काटा वर जातो तो कधी? म्हणाले, रात्रीच. दिवसा बरी असते. आता इंजिन काय घड्याळ बघून तापतं का? मी म्हटलं गाडी चालू करा, गरम होऊ द्या. काटा मध्यावर येऊन थांबला. हेडलाइट लावा. एक डोळा उघडला, दुसरा अर्ध्यात थांबून मग वर आला, आणि तेवढ्यात टेम्परेचरचा काटा टुणकन वर. लाइट बंद, काटा खाली. पाणी एवढ्या झटक्यात तापत पण नाही आणि थंड पण होत नाही. काका बघतच राहिले. मी इंजिन बंद करायला सांगितलं आणि मागे गेलो.

कार्बोरेटरपाशी रेसची केबल येते तिथे नाक नेलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. काकांना म्हटलं कॉइलची वायर काढतो, गाडी चालू होणार नाही, तुम्ही नुसता सेल्फ मारा. मारला. केबलच्या टोकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं, चटका बसला. सेल्फ फिरवताना रेसची केबल तापतेय म्हटल्यावर माझ्यापुरता विषय संपला होता, पण काकांना नुसतं सांगून पटणार नव्हतं. म्हणून व्होल्ट मोजायचा मीटर काढला. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिनच्या ब्लॉकला, आणि परत सेल्फ. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. पाच व्होल्टच्या वर दाखवत होता.

काकांना समजावलं ते असं. बॅटरी पुढे, तिचा निगेटिव्ह बॉडीला. इंजिन मागे, रबरच्या माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे बॉडीला धातूने कुठे टेकत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सवरून बॉडीला एक तांब्याची पट्टी असते, तोच इंजिनचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, करंट परत जायची वाट. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज खेचतो आणि तेवढा करंट त्या पट्टीतूनच परत जायला हवा. ती वाट बंद झाली की करंट थांबत नाही, नाला तुंबल्यावर पाणी शेजारच्या घरात शिरतं तसा मिळेल तिथून घुसतो. इथे त्याला सापडली रेसची केबल, कार्बोरेटरपासून थेट पेडलपर्यंत, सगळी लोखंडाची. ती तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, तार चिकटते. केबलवाला बरोबर होता.

आणि काट्याचं पण तेच. सेन्सर इंजिनमध्ये बसलेला, त्याचा अर्थ इंजिन. वीज बनवणारा अल्टरनेटर पण इंजिनवरच. लाइट लावले की अल्टरनेटर जास्त करंट देतो, तो परत येताना त्याच तुंबलेल्या वाटेने येतो, ब्लॉक आणि बॉडीमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि टेम्परेचरच्या काट्याला वाटतं इंजिन तापलं. पाण्याचा काही संबंध नाही. काका म्हणाले, म्हणजे मी एवढी हवा काढली ती? मी काही बोललो नाही.

पण त्यांनी लगेच मुद्दा काढला, की अर्थची पट्टी तर मी नवीन लावलीय, चकाचक आहे, बघ. बघितली. खरंच नवीन होती, नट घट्ट, हलत नव्हती. मी पाना लावून काढली. खाली बॉडीच्या बोल्टभोवती, पट्टीचं तोंड बसतं त्या जागेवर, प्रायमर आणि दोन पॅक पेंट, आरशासारखा. बोल्टला पण रंग. मीटर लावला तर काहीच पास होत नव्हतं. रंगावर पट्टी आवळली म्हणजे इन्सुलेशनवर आवळली, तिथे पट्टी सोन्याची लावली असती तरी तेच. रिस्टोअर केलेल्या गाड्यांमध्ये मला हे इतकं दिसतं ना, जुनी सडकी गाडी चालत असते कारण तिच्या बोल्टखाली कंपनीच्या वेळची उघडी धातू दाबून बसलेली असते, आणि मालक प्रेमाने सगळं रंगवतो.

पहिल्यांदा मी जंपर केबल लावून दाखवलं. ब्लॉकपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, दोन केबली जोडून, कारण अंतर खूप. सेल्फ मारला आणि इंजिन असं फिरलं की पार्किंगमधली मांजरं पळाली. काका गाडीतून उतरले, काही न बोलता इंजिनकडे बघत उभे राहिले. मग खरं भांडण सुरू झालं. मी पॉलिश पेपर आणि खरवडणी काढली तर म्हणतात, थांब थांब, रंगाला हात लावू नकोस.

म्हटलं काका, उघडा पत्रा लागेल. ते म्हणतात दुसरीकडून नाही का घेता येणार, केबल फिरवून? मी म्हटलं जिथून घ्याल तिथे धातूला धातू लागायलाच पाहिजे, हवेतून कसा घेऊ. शेवटी तह झाला. पट्टीच्या तोंडाएवढाच गोल खरवडायचा, त्यापेक्षा केसभर जास्त नाही. त्यांनी स्वतः घरात जाऊन मास्किंग टेप आणली, पेन्सिलने गोल आखला, चारी बाजूंनी टेप लावली, आणि मी घासत असताना टॉर्च धरून उभे. पत्रा चमकला, बोल्टचे आटे साफ केले, स्टार वॉशर टाकला, आवळला, वरून व्हॅसलीन फासलं म्हणजे गंज धरायला नको. परत मीटर, परत सेल्फ. अर्ध्या व्होल्टच्या खाली.

नवीन केबल त्यांनी जास्तीची करून ठेवलेलीच होती, ती घातली. लाइट लावले, टेम्परेचरचा काटा जागचा हलला नाही. एक डोळा अजून आळशी होता, तो वेगळा प्रॉब्लेम, त्याच्या मोटरचा अर्थ पुढच्या बाजूला. काकांनी न सांगताच टेप आणि पेन्सिल घेतली आणि पुढे जाऊन बसले. मग मागच्या लाइटचा अर्थ, वायपरचा, फ्यूज बॉक्सचा, जे जे रंगवलं होतं ते सगळं संध्याकाळपर्यंत आम्ही गोल गोल खरवडत बसलो. काकू खाली येऊन म्हणाल्या, इतके महिने रंगवलात आणि आता पोराला पैसे देऊन काढून घेताय होय.

पैशांवरून काकांनी घासाघीस केली नाही, पण मोजताना म्हणाले, बिलावर काय लिहिशील, रंग खरवडणे? मी म्हटलं अर्थिंग लिहितो. हेड खोलण्यासाठी गॅस्केट सेट त्यांनी बाहेरून मागवलेला होता, कस्टम ड्यूटी भरून, तो आता कपाटात पडून आहे.